वळायचे कधी? : प्रस्तावना

खाजगी वैमानिकाला उडायची सक्ती कुणीच केलेली नसते. त्याच्यासाठी टर्मिनलवर दोनशे माणसे ताटकळत नसतात, उशीर झाला म्हणून जाब विचारणारी कंपनी नसते, वेळापत्रक तर नसतेच. शनिवारी सकाळी चार आसनांचे विमान भाड्याने घ्यायचे, दीडशे मैलांवरच्या मित्राकडे जेवायला जायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे, एवढाच मामला. आकाश भरून आले तर जेवण रद्द, फार तर मित्र रुसेल. तरीही दरवर्षी काही खाजगी वैमानिक समोर दिसणाऱ्या ढगात शिरतात आणि त्यांतले बरेचसे जिवंत बाहेर येत नाहीत. विमान धडधाकट असते, इंजिन शेवटपर्यंत नीट चालत असते, टाकीत इंधन असते. कित्येकदा पंधरा मिनिटे मागे लख्ख ऊनही असते.

या संग्रहाचा विषय म्हणजे ती पंधरा मिनिटे.

विषयाशी नव्याने ओळख करून घेणाऱ्यांसाठी आधी थोडी पायाभरणी. विमान दोन प्रकारच्या नियमांखाली उडवता येते. पहिल्यात वैमानिक बाहेर बघून उडतो. क्षितिज, जमीन आणि इतर विमाने त्याला डोळ्यांनी दिसायला हवीत. याला व्हीएफआर म्हणतात. दुसरा प्रकार आयएफआर. यात वैमानिक पॅनेलवरच्या उपकरणांवर आणि नियंत्रकाच्या सूचनांवर विसंबून ढगातूनही जाऊ शकतो, पण त्यासाठी वेगळे प्रशिक्षण, वेगळी परीक्षा आणि सततचा सराव लागतो. बहुतेक नवे खाजगी परवानाधारक पहिल्याच प्रकारात मोडतात. भारतात १०,००० फुटांखाली व्हीएफआर उड्डाणासाठी किमान ५ किलोमीटर दृश्यमानता लागते, शिवाय ढगांपासून आडवे १,५०० मीटर आणि उभे १,००० फूट अंतर राखावे लागते. अमेरिकेत त्या उंचीवर बहुतेक ठिकाणी ३ मैल दृश्यमानता पुरते. कागदावर हे आकडे स्वच्छ दिसतात. हवेत मात्र मैलाचे दगड नसतात. समोरची धूसर टेकडी ५ किलोमीटरवर आहे की ३ किलोमीटरवर, हे वैमानिकाला अंदाजानेच ठरवावे लागते, आणि १०० नॉटच्या वेगाने ५ किलोमीटर कापायला दीड मिनिटापेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके दाटले तर आपण गाडी कडेला घेतो, दिवे लुकलुकत ठेवतो आणि थर्मासमधला चहा काढतो. विमानाला कड नसते.

ढगात शिरल्यावर नेमके काय होते, हे कळल्याशिवाय पुढची चर्चा पोकळ वाटेल. आपला तोल अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका सांभाळतात. डोके वळले की नलिकांमधला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदू वळण ओळखतो. वळण फारच सावकाश सुरू झाले, सेकंदाला साधारण दोन अंशांहून कमी, तर ते जाणवतच नाही. जाणवले तरी वळण तसेच चालू राहिल्यास वीसेक सेकंदांत द्रव नलिकेच्या गतीला येऊन मिळतो, आणि मेंदूच्या लेखी आपण सरळ चाललेलो असतो. मग वैमानिकाने पंख खरोखर सरळ केले की त्याला विरुद्ध बाजूला वळल्याचा भास होतो. तो भास ‘दुरुस्त’ करायला तो पुन्हा मूळ वळणात जातो. कललेल्या विमानाचे नाक खाली घसरते, वेग वाढतो, वाऱ्याचा आवाज चढतो. वेग कमी करायला तो कंट्रोल मागे ओढतो, आणि पंख कललेले असल्यामुळे त्या ओढीने वळण आणखी आवळते. वैमानिकांच्या भाषेत हा ग्रेव्हयार्ड स्पायरल. यात मूर्खपणा कुठेच नाही. शरीर लाखो वर्षे जमिनीवर चालताना जे शिकले तेच ते इथेही इमानाने करत असते.

हे किती लवकर घडते, याची मोजणी १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने केली. उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण न घेतलेल्या २० जणांना त्यांनी बीचक्राफ्ट बोनान्झा विमानात बसवले आणि बाहेरचे दृश्य झाकून टाकले. २० पैकी १९ जणांचे विमान स्पायरलमध्ये गेले, उरलेल्या एकाने ते नाक वर करून स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपण्याच्या, अवस्थेत नेले. ताबा सुटायला कुणाला २० सेकंद लागले, कुणाला ४८०. सरासरी १७८ सेकंद. हा आकडा पुढे जगभरच्या फ्लाइंग क्लबांच्या भिंतींवर चिकटला. ‘तुमच्याकडे १७८ सेकंद उरले आहेत’ अशा धर्तीच्या लेखांनी दोन पिढ्यांना घाबरवले. भिंतीवर जे आले नाही ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. तो प्रयोग माणसे किती लवकर मरतात हे मोजण्यासाठी आखलेलाच नव्हता. ढगात सापडलेल्या साध्या वैमानिकाला उलटे वळून बाहेर पडण्याची एखादी सोपी कृती शिकवता येईल का, हा संशोधकांचा प्रश्न होता. चाके खाली सोडायची, इंजिनाची शक्ती कमी करायची, विमान कमी वेगावर ट्रिम करायचे, कंट्रोल व्हीलवरचे हात काढून घ्यायचे आणि फक्त पायांनी, रडरने, १८० अंश वळायचे. थोड्या तासांच्या शिकवणीनंतर हे जवळजवळ सगळ्यांना जमले. म्हणजे त्या अहवालात भीती होती तसा उपायही होता, आणि आपण भीतीच तेवढी उचलली. उड्डाण-सुरक्षेच्या साहित्यात हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

उपकरणांची गोष्ट याच्या आधीची आहे. अमेरिकी लष्करातल्या विल्यम ऑकर या वैमानिकाला १९२६ साली एका डॉक्टरने फिरत्या खुर्चीत डोळे बांधून बसवले, आणि खुर्ची कुठल्या दिशेला फिरते आहे हे त्या मुरलेल्या वैमानिकाला सांगता येईना. ऑकरने त्यातून धडा घेतला. कार्ल क्रेनबरोबर त्याने १९३२ साली आंधळ्या उड्डाणावरच्या पहिल्या काही पाठ्यपुस्तकांतले एक लिहिले. मधल्या काळात, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण केले, फेरी मारली आणि बाहेर एकदाही न बघता विमान उतरवले. पॅनेलवर स्पेरीचे कृत्रिम क्षितिज आणि जायरो होते, शिवाय कोल्समनचा सूक्ष्म अल्टिमीटर. पुढच्या आसनावर बसलेला बेन केल्सी गरज पडली तर विमान हाती घेण्यासाठी होता. ती वेळ आली नाही. ढगातून सुखरूप जायचे तंत्र तेव्हापासून उपलब्ध आहे. हळूहळू विमान कंपन्यांनी ते आत्मसात केले. चार आसनांच्या विमानातल्या शनिवारच्या वैमानिकापर्यंत ते अर्धवट पोचले, आणि हे अर्धवटपण फार घातक ठरले. पॅनेलवर कृत्रिम क्षितिज असते, त्याच्याकडे बघून दहा मिनिटे उडल्याची वहीत नोंद असते, आणि तेवढ्यावर ‘वेळ पडली तर निभावेल’ असा विश्वास बसतो.

दोन अपघातांचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण या विषयावरचे बहुतेक लेखन त्यांच्याभोवती फिरते. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी मध्यरात्रीनंतर आयोवा राज्यातल्या मेसन सिटीहून बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन या गायकांना घेऊन निघालेले बोनान्झा काही मिनिटांत क्लिअर लेकजवळच्या शेतात कोसळले. हे भाड्याचे उड्डाण होते. वैमानिक २१ वर्षांचा होता आणि त्याच्याकडे उपकरण-परवाना नव्हता. ज्या उड्डाणात उपकरणांवर विसंबावे लागणार हे उघड होते ते त्याने हाती घेतले, हेच चौकशीत मुख्य कारण ठरले. पण त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत. हवामानाचे तातडीचे इशारे त्याच्या नजरेला आणून दिले गेले नव्हते. आणि त्या विमानातले स्पेरीचे यंत्र नाकाची वर-खाली स्थिती रूढ यंत्रांच्या नेमकी उलट दाखवत असे.

दुसरा अपघात १६ जुलै १९९९ च्या रात्रीचा. अमेरिकी अध्यक्ष केनेडींचे पुत्र जॉन केनेडी धाकटे स्वतःचे पायपर साराटोगा घेऊन न्यू जर्सीतल्या फेअरफील्डहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. बरोबर पत्नी आणि मेहुणी होती. उड्डाणाचा अनुभव ३०० तासांच्या थोडा वर, उपकरण-परवान्याचे प्रशिक्षण अर्धवट, विमानात ऑटोपायलट. ढग जवळजवळ नव्हतेच. होती ती उन्हाळी धुरकट हवा, खाली काळे पाणी, वर काळे आकाश. किनारा सोडल्यावर जमिनीवरचे दिवे संपले आणि त्यांच्याबरोबर क्षितिजही संपले. बेटाच्या अलीकडे काही मैलांवर विमान उजवीकडे कलत समुद्रात गेले. या केसमध्ये मला नेहमी खटकत राहते ते एवढेच की मार्गावरच्या विमानतळांनी कळवलेली दृश्यमानता नियमात बसणारी होती. कागदोपत्री ती रात्र उडण्याजोगीच होती.

एका अपघातात नियम मोडला गेला, दुसऱ्यात तसा मोडला गेला नाही, आणि शेवट एकच. या विषयाला नुसते ‘नियम पाळा’ म्हणून का संपवता येत नाही, ते इथे दिसते.

आता अभ्यासाकडे. सुरुवातीची कित्येक वर्षे या अपघातांचे वर्गीकरण ‘वैमानिकाची चूक’ या एका रकान्यात होत असे आणि तिथेच फाइल बंद होई. त्याच काळात अनुभवी वैमानिकांची एक समांतर परंपरा पुस्तके लिहीत होती. वोल्फगांग लांगेविशे यांचे ‘स्टिक अँड रडर’ १९४४ चे, विमान कंपनीत कॅप्टन असलेल्या रॉबर्ट बक यांचे ‘वेदर फ्लाइंग’ १९७० चे. ही माणसे मानसशास्त्राचा शब्दही न उच्चारता खूप काही सांगून जातात. विशेषतः बक हवामान कसे वाचावे हे शिकवतात. ढग काय करत आहेत, वारा कुठून कुठे फिरला, तापमान आणि दवबिंदू एकमेकांकडे सरकत आहेत का, याकडे लक्ष वेधतात. मला ही पुस्तके आजही नंतरच्या पुष्कळ अहवालांपेक्षा उपयोगी वाटतात.

१९७७ साली रिचर्ड जेन्सन आणि रसेल बेनेल यांनी अमेरिकेच्या नागरी उड्डाण प्रशासनासाठी, म्हणजे एफएएसाठी, केलेल्या अभ्यासाने चित्र बदलले. १९७० ते १९७४ मधल्या प्राणघातक अपघातांतल्या वैमानिकांच्या चुका त्यांनी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक चुका निर्णयाच्या निघाल्या. हातांचे कौशल्य कमी पडल्याच्या त्या नव्हत्या. निर्णय शिकवता येतो का, हा प्रश्न तिथून अधिकृतपणे सुरू झाला. त्यातून पुढे ‘पाच धोकादायक वृत्ती’ आल्या. नियमांना न जुमानणे, उतावळेपणा, मला काही होत नाही असे वाटणे, मर्दुमकी दाखवणे आणि हार मानून सोडून देणे. १९९१ च्या एफएएच्या मार्गदर्शिकेत त्या प्रत्येकीवर एकेक उताराही दिला आहे. आज जगातला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी वैमानिक ही यादी परीक्षेसाठी पाठ करतो. माझी अडचण अशी की ही यादी वाचताना प्रत्येकाला दुसराच कुणीतरी आठवतो. शिवाय अपघात झाल्यावर मृत माणसाला यांतली एखादी चिठ्ठी चिकटवणे फार सोपे असते, कारण तो उत्तर द्यायला नसतो. स्वभावात दोष शोधणारा हा पंथ शिकवायला सोयीचा ठरला, म्हणून टिकला. शुद्ध शोधाच्या कसोटीवर त्याचे यश मला बेताचेच वाटते.

दुसरा पंथ अर्थशास्त्राच्या शेजारून आला. डॅनियल कानमन आणि एमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ साली मांडले होते की माणूस फायद्याच्या चौकटीत सावध असतो आणि तोट्याच्या चौकटीत जुगार खेळतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या डेव्हिड ओहेअर यांनी सहकाऱ्यासह १९९५ साली हाच धागा वैमानिकांना लावून पाहिला. परतण्याकडे ‘वाया गेलेला वेळ आणि पैसा’ म्हणून पाहणारे पुढे रेटत राहण्याकडे झुकले. तीच परिस्थिती काय वाचवता येईल या बाजूने मांडली तेव्हा मागे फिरण्याची तयारी वाढली. भाड्याचे विमान घेणाऱ्याला हे पटकन पटेल. मीटर चालू असताना रिकाम्या हाताने परतणे म्हणजे तासाचे पैसे पाण्यात, ही भावना हिशेबाच्या पलीकडची असते.

मात्र याच ठिकाणी पुरावे एकमेकांना छेद देऊ लागतात आणि विषय खऱ्या अर्थाने रंगतो. गुंतवलेला वेळच माणसाला पुढे ढकलत असेल, तर उड्डाणाच्या उत्तरार्धात खराब हवामान भेटलेला वैमानिक जास्त हट्टी असायला हवा. डग्लस वीगमन, जुलियाना गोह आणि ओहेअर यांनी २००२ साली सिम्युलेटरवर पाहिले तेव्हा उलटेच निघाले. ज्यांना खराब हवामान लवकर भेटले तेच वळण्याआधी त्यात अधिक काळ उडत राहिले, आणि पुढे सुधारेल अशी आशाही त्यांनाच जास्त होती. त्याआधी २००१ साली गोह आणि वीगमन यांनी दाखवले होते की पुढे जाणाऱ्यांचा दृश्यमानतेचा अंदाजच चुकीचा असतो आणि स्वतःच्या कौशल्यावरचा विश्वास वाजवीपेक्षा जास्त. म्हणजे हा धोका पत्करण्यापेक्षा धोका न ओळखण्याचा प्रकार आहे, असे हा तिसरा पंथ म्हणतो. योगायोग असा की हे कामही इलिनॉय विद्यापीठातच झाले, १७८ सेकंदांच्या प्रयोगानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

मग २००५ साली ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागासाठी बॅट आणि ओहेअर यांनी तिथल्या ४९१ घटना-अहवालांचा अभ्यास केला. ढगात शिरलेले, वेळीच वळलेले आणि खबरदारी म्हणून वाटेत उतरलेले असे वैमानिकांचे तीन गट त्यांनी पाडले. या तीन गटांत वय, अनुभव, परवाना यांत फारसा फरक सापडला नाही. फरक होता तो वेळेचा. ढगात शिरण्याची शक्यता उड्डाणाबरोबर वाढत जाते आणि ठरलेल्या अंतराच्या शेवटच्या २० टक्क्यांत सर्वाधिक होते. सिम्युलेटर एक सांगतो आणि खरे आकाश दुसरे, असे वरवर वाटेल. माझ्या मते दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. सिम्युलेटरमध्ये शेवटी घर नसते. खऱ्या उड्डाणाच्या शेवटच्या पाचव्या हिश्श्यात ओळखीची नदी दिसते, ओळखीचा टॉवर दिसतो, रेडिओवर ओळखीचा आवाज येतो, आणि घरी जेवायला थांबलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. पण हे माझे मत झाले. या संग्रहातल्या निदान एका लेखकाला ते पटत नाही, आणि त्याने तसे लिहिलेही आहे.

चौथा पंथ मला सर्वांत जवळचा. गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात आगीच्या ठिकाणी काम करणाऱ्या अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. अनुभवी माणूस पर्यायांची तुलना करत बसत नाही, तो परिस्थिती ओळखतो आणि पहिली चालणारी कृती करतो, असे त्यांना दिसले. नासाच्या एम्स केंद्रातल्या जुडिथ ओरासानू यांनी हाच दृष्टिकोन कॉकपिटमध्ये आणला आणि आधी ठरवलेली योजना परिस्थिती बदलल्यावरही चालू ठेवण्याच्या चुकीवर बोट ठेवले. या मांडणीतून मला जे हाती लागले ते असे. पुढे जाण्याचा निर्णय कुणी घेतच नाही. विमान पुढे जातच असते आणि त्यासाठी काहीच करावे लागत नाही. हवामान एका झटक्यात बिघडत नाही. दृश्यमानता आठाची सात होते, साताची सहा होते, ढग दोनशे फूट उतरतात, आपणही दोनशे फूट उतरतो. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून किंचितच वाईट असते, आणि एकाही पायरीवर ‘इथून परत’ अशी पाटी नसते. कृती लागते ती फक्त वळायला. ती करायची म्हणजे प्रवाशांना सांगायचे, नकाशा काढायचा, रेडिओवर नवा मार्ग मागायचा, आणि आपला सकाळचा अंदाज चुकला हे मान्य करायचे.

हे मानले तर इलाजाची जागाही बदलते. हवेत उभे राहून शहाणा निर्णय घ्या, असे वैमानिकाला सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही. तो निर्णय जमिनीवर, चहा पिताना, आकड्यांत घेऊन ठेवावा लागतो. या ठिकाणाच्या पुढे जाताना ढग २,५०० फुटांखाली आले असतील तर मी वळलो, त्यात चर्चा नाही. अमेरिकेतले प्रशिक्षक याला वैयक्तिक किमान मर्यादा म्हणतात. मार्क विगिन्स आणि ओहेअर यांनी तयार केलेला ‘वेदरवाइज’ हा संगणकीय अभ्यासक्रमही याच दिशेचा आहे. ढगांचा रंग, पायथा अशा खुणा बघून वळण्याची वेळ ओळखायला तो शिकवतो. उपदेशापेक्षा डोळ्यांना वळण लावणारे असले शिक्षण मला अधिक भरवशाचे वाटते.

आज हा विषय जुना झालेला नाही, याचे एक कारण यंत्रेच आहेत. आता कॉकपिटमध्ये टॅब्लेटवर रंगीत रडारचित्र दिसते. अमेरिकेतल्या अपघात-चौकशी संस्थेने, एनटीएसबीने, २०१२ साली इशारा दिला होता की हे चित्र दाखवलेल्या वेळेपेक्षा प्रसंगी १५ ते २० मिनिटे जुने असू शकते. वेगाने सरकणाऱ्या वादळात एवढ्या वेळात वाट बंद होते, आणि वैमानिक मात्र चित्रातली फट शोधत असतो. ऑटोपायलट स्वस्त झाले, एका बटणाने पंख सरळ करणारी यंत्रणा आली, काही विमानांना आख्खे विमान खाली आणणारे पॅराशूट आले, २०२० पासून वैमानिक बेशुद्ध झाला तरी स्वतः उतरणारी विमाने प्रमाणित झाली. हे सगळे स्वागतार्हच. पण एनटीएसबीच्याच २००५ च्या अहवालाप्रमाणे ढगाळ, उपकरणी हवामानातल्या लहान विमानांच्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्राणघातक ठरतात, आणि हे प्रमाण इतर अपघातांच्या मानाने कितीतरी जास्त आहे. उपकरण-परवाना असला म्हणजे सुटका झाली असेही नाही. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या कॅलाबासस इथे बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांना नेणारे हेलिकॉप्टर कोसळले तेव्हा वैमानिकाकडे तो परवाना होता. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीला मात्र फक्त व्हीएफआर उड्डाणांची परवानगी होती. आपण वर चढत आहोत असे त्याने नियंत्रकाला सांगितले, तेव्हा यंत्र खाली चालले होते.

मराठीत हे पुस्तक कशाला, असे कुणी विचारील. महाराष्ट्रात स्वतःचे विमान बाळगणारे किती? फार नाहीत. पण मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंतच्या घरांतली मुलेमुली दरवर्षी वैमानिक व्हायला निघतात. त्यांतली बरीच फ्लोरिडा, टेक्सास, अ‍ॅरिझोना किंवा दक्षिण आफ्रिकेत जाऊन तास पुरे करतात. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत हौसेने खाजगी परवाना काढणारेही आहेत. आपल्याकडच्या प्रशिक्षण संस्थांत आज उडायचे की नाही हे बहुधा प्रशिक्षक ठरवतो, विद्यार्थी फळ्यावर नाव बघतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच. त्याची किंमत अशी की निर्णयाची सवय लागायच्या आधीच परवाना हातात येतो, आणि पहिला खरा निर्णय परक्या देशात, परक्या ढगांखाली, एकट्याने घ्यावा लागतो.

दुसरे कारण इथला भूगोल. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. त्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत पावसाळ्यात जुहूचा तळ चिखलात जाई, म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे. लोक हा किस्सा गमतीने सांगतात. मला त्यात उड्डाण-व्यवस्थापनाचा धडा दिसतो. हवामानाशी झुंज घ्यायची नाही, तळच उचलायचा. जुहू समुद्राला लागून आहे आणि पुण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर. जुलैत कोकणावर ढगांचा पायथा २,००० फुटांवर असला, तर जुहूला ऐसपैस वाटणारी मोकळीक पुण्यापर्यंत साठ फुटांची उरते, आणि मध्ये सह्याद्रीची धार तर ढगात गडप झालेली असते. ढगाखालून सरपटत घाट ओलांडण्याचा हिशेब तिथेच फसतो. विदर्भात हिवाळ्याच्या सकाळी ढग नसतात, धुके आणि धूर असतो, आणि सूर्य समोर आला की धावपट्टीही दिसेनाशी होते. मार्च-एप्रिलमधल्या आणि ऑक्टोबरमधल्या दुपारच्या गडगडाटी ढगांची गोष्ट आणखी निराळी. अमेरिकी पुस्तकांत यांतले काहीच नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही. शिवाय भारतात सर्वसाधारणपणे सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी व्हीएफआर उड्डाण बंद होते. रात्रीच्या क्षितिजाचा सापळा त्यामुळे टळतो, पण संध्याकाळी घाई करायला लावणारा दुसरा सापळा तयार होतो. अंधाराच्या आत पोचायचे म्हणून ढगाला वळसा न घालणे, हे आपल्या नियमांमुळे उपजलेले दडपण आहे. त्यावर अजून कुणी नीट लिहिलेले नव्हते.

राजकीय पुढारी किंवा उद्योगपती मागच्या आसनावर असताना काय होते, हा प्रश्नही वाचकाच्या मनात येईल. तो या पुस्तकात मुद्दाम घेतलेला नाही. पगारी वैमानिकावरचे दडपण हा वेगळा ग्रंथ आहे आणि त्याची उत्तरे कंपन्यांच्या कारभारात शोधावी लागतात. इथे केंद्रस्थानी आहे तो वैमानिक, ज्याला ‘नको’ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही आणि तरीही जो म्हणत नाही.

या संग्रहातले लेखक एका मताचे नाहीत. त्यांत उडणारे आहेत, शिकवणारे आहेत, हवामानाचा अभ्यास करणारे आहेत आणि विमानात कधीच न बसलेली एक मानसशास्त्राची अध्यापिकाही आहे. तिचा लेख सर्वांत वादग्रस्त ठरेल असा माझा अंदाज आहे. अपघातांची वर्णने आम्ही जाणीवपूर्वक कमी ठेवली. मृतांच्या चुका वाचताना मिळणारे समाधान वाचकाला शहाणे करत नाही, असे आम्हाला वाटते. त्याऐवजी जिथे कुणी वेळीच वळले अशी साधी, नाट्यहीन उड्डाणे शोधली. हे काम अवघड गेले, कारण सुखरूप परतलेल्या उड्डाणाचा अहवाल कुणी लिहीत नाही. जी मिळाली ती वैमानिकांच्या लॉगबुकातल्या एका ओळीवरून आणि नंतरच्या लांबलचक गप्पांवरून उभी केली आहेत.

पुस्तक क्रमाने वाचले पाहिजे असे नाही. विद्यार्थी वैमानिकाने अंतर्कर्णाच्या आणि ढगांच्या खुणांच्या लेखांपासून सुरुवात करावी. उडणाऱ्याच्या घरच्यांनी वाचायचे असेल तर प्रवाशाने कॉकपिटमध्ये काय बोलावे आणि काय बोलू नये, त्या लेखापासून. हे प्रशिक्षणाचे पुस्तक नाही. इलिनॉयच्या वळणाची कृती वर आली आहे ती इतिहास म्हणून. आजच्या विमानात ती तशीच करून बघू नये, आपल्या प्रशिक्षकाला विचारावे. उंची सर्वत्र फुटांत, वेग नॉटमध्ये आणि दृश्यमानता किलोमीटरमध्ये दिली आहे, कारण भारतीय कॉकपिटमध्ये ती तशीच बोलली जाते. अमेरिकी उदाहरणांत मैल आले आहेत ते तिथल्या स्टॅट्यूट मैलांत धरावेत. मेटार, टॅफ, अल्टरनेट, डायव्हर्जन हे शब्द रेडिओवर ऐकू येतात तसेच ठेवले आहेत.